निवडणुकीच्या निकालामुळे परदेशी स्थायिक होण्याचा विचार : गोमंतकीयांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विधानसभेचा किंवा लोकसभेचा निकाल लागला, की पुढचे आठ-पंधरा दिवस फोंडा, डिचोली, पेडणे, सांगे अशा सर्वच तालुक्यांत एक वाक्य कानी पडते : ‘आता इथे राहण्यात अर्थ उरला नाही.’ कधी ते एका पक्षाचे मतदार म्हणतात, कधी दुसऱ्या पक्षाचे. बहुतेकांच्या बाबतीत ते तिथेच विरते, परंतु काही जण खरोखरच आजोबांचा जन्मदाखला शोधण्यासाठी निबंधक कार्यालयात जाऊन उभे राहतात. अशा कुटुंबांच्या कागदपत्रांत मदत करताना जे प्रश्न मला पुनःपुन्हा ऐकावे लागले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कोणता पक्ष चांगला, हा या पानाचा विषय नाही.

निकाल मनाविरुद्ध लागला म्हणून देश सोडण्याचा विचार करणे गैर आहे का?

गैर मुळीच नाही. आपण कुठे राहावे हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे आणि ज्या समाजात आपले म्हणणे कुणी ऐकत नाही असे वाटू लागते, तेथून उठून जावेसे वाटणे ही अगदी माणसासारखी गोष्ट आहे. मात्र कागदपत्रे काढायला घेण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा : निकाल उलटा लागला असता, तर मी जाण्याचा विचार सोडून दिला असता का? अनेकांचे उत्तर ‘नाही’ असे येते. मुलाला येथे शिक्षणाच्या तोलाची नोकरी मिळत नाही, पगारात घर उभे राहत नाही, गावाशेजारची खाण किंवा डोंगरकापणी बघवत नाही, ही कारणे निकालाच्या आधीपासूनच असतात आणि निकाल त्यांना केवळ तोंड फोडतो. तसे असेल तर नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाने जी तयारी करावी ती करावी. म्हणजे भाषा शिकावी, कौशल्याचे प्रमाणपत्र मिळवावे, हाताशी सहा महिन्यांचा खर्च ठेवावा. रागाच्या भरात निघालेला माणूस नेमकी हीच तयारी करायची विसरतो.

उत्तर ‘होय’ असे असेल, म्हणजे केवळ निकाल हेच कारण असेल, तर माझे स्पष्ट मत असे आहे की परत घेता न येणारी कोणतीही सही निकालानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत करू नये. जाणे परत घेता येते, परंतु नागरिकत्व सोडणे सहजासहजी परत घेता येत नाही. पुढील बहुतेक उत्तरे या एका फरकाभोवती फिरतात.

गोव्यातून खरोखर किती लोक नागरिकत्व सोडतात, आणि ते निवडणुकीमुळे सोडतात का?

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०११ मध्ये देशभरातील १,२२,८१९ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडले होते. २०२२ मध्ये ही संख्या २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ होती. देशातील प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयांत २०११ ते २०२२ या काळात जमा झालेल्या ६९,३०३ पासपोर्टांपैकी २८,०३१, म्हणजे सुमारे ४० टक्के, एकट्या गोव्यातील होते. लोकसभेच्या अवघ्या दोन जागा असलेल्या राज्यासाठी हा आकडा फार मोठा आहे.

मात्र या आकड्यावरून गोमंतकीयांनी सरकारवर रागावून देश सोडला असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. भारतातील इतर राज्यांचे लोक आधी परदेशी जातात, तेथे अनेक वर्षे राहतात आणि मग तेथील भारतीय वकिलातीत पासपोर्ट जमा करतात. गोव्यात क्रम उलटा आहे. येथील माणसाला पोर्तुगालचे नागरिकत्व घरबसल्या मिळू शकते, त्यामुळे तो ते आधी घेतो, पासपोर्ट पणजीत जमा करतो आणि मग विमानात बसतो. नागरिकत्व सोडण्याचा निर्णय येथे परदेशाची हवासुद्धा न लागलेला माणूस घेतो, ही गोष्ट मला सर्वांत जास्त काळजी करण्यासारखी वाटते.

निवडणुकीत हरल्यावर ‘आता इथे राहू नये’ असे गोव्यातील मराठी माणसाला याआधी वाटले होते का?

वाटले होते, आणि आजच्यापेक्षा कितीतरी तीव्रतेने वाटले होते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात सार्वमत झाले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहायचे, एवढाच प्रश्न होता. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. म्हणजे चौतीस हजारांच्या फरकाने विलीनीकरणवादी हरले. ज्या घरांनी गावोगावच्या सभांत, भजनी मंडळांत आणि मराठी शाळांत हा प्रश्न आयुष्याचा प्रश्न मानला होता, त्यांच्यासाठी हा पाच वर्षांनी बदलणारा निकाल नव्हता, तो कायमचा निकाल होता. त्यांना जायचे असते तर पासपोर्टचीही गरज नव्हती. पत्रादेवीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र होता आणि तेथे त्यांची भाषा राज्यभाषा होती.

काही जण गेलेही. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मुंबईला जाण्याची वाट तर त्याआधीपासूनच होती. परंतु बहुसंख्य लोक आपापल्या वाड्यावरच राहिले, आणि मार्च १९६७ मध्ये, म्हणजे सार्वमतानंतर सुमारे दहा आठवड्यांत, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा विलीनीकरणाची बाजू घेतलेल्या त्याच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १६ जागा मिळून भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. एका प्रश्नावर हरलेला मतदार दुसऱ्या प्रश्नावर जिंकला, कारण तो मतदारयादीत होता. पुढे ४ फेब्रुवारी १९८७ रोजी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय वापरापुरती मान्यता मिळाली. तेव्हाही अनेकांच्या मनाला जखम झाली आणि तीही त्यांनी येथेच राहून सोसली. आजचा निकाल कोणत्याही पक्षाच्या मतदाराला असह्य वाटत असेल, तर त्याने आपल्या घरातील नव्वदीकडे झुकलेल्या माणसाला १९६७ चा जानेवारी आणि मार्च कसा गेला हे एकदा विचारून पाहावे. ते ऐकवणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

माझा राग निकालावर नाही, निकालानंतर आमदार पक्ष बदलतात यावर आहे. मग मतदानाचा उपयोग काय?

हा राग रास्त आहे आणि त्याला ‘भावनेच्या भरातला’ म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. २०१७ मध्ये काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या, सरकार मात्र भाजपने इतरांच्या साहाय्याने बनवले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १० आमदार भाजपमध्ये गेले. २०२२ मध्ये काँग्रेसचे ११ आमदार निवडून आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांतील ८ जणांनी तोच मार्ग धरला. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, पक्षाच्या दोन-तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाला जी सवलत आहे, तिच्या आधाराने हे घडते. चाळीस आमदारांच्या सभागृहात एका पक्षाचे दोन-तृतीयांश म्हणजे कित्येकदा एका खोलीत मावतील एवढीच माणसे असतात, म्हणून लहान राज्यात ही पळवाट अधिक रुंद होते.

मतदाराची ही फसवणूक आहे असे मी मानतो. तरीही यावर उपाय म्हणून मतदार राहणेच सोडून देणे म्हणजे ज्याने फसवले त्याचे एक विरोधी मत स्वतःहून कमी करणे होय. गोव्यात विधानसभेच्या एका मतदारसंघात साधारण पंचवीस-तीस हजार मतदार असतात आणि काही शे मतांनी निकाल फिरतात, त्यामुळे वीस-पंचवीस घरे असलेला एखादा वाडा स्थलांतरित झाला तरी त्याचा परिणाम पुढच्या मतमोजणीत दिसू शकतो.

पोर्तुगालचे नागरिकत्व नेमके कुणाला मिळते? हिंदू कुटुंबांनाही मिळते का?

धर्माचा काहीही संबंध नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती मिळण्यापूर्वी, गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्या व्यक्तीला पोर्तुगालचा कायदा आपली नागरिक मानत आला आहे आणि त्या व्यक्तीच्या संततीला त्या आधाराने नोंद करता येते. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तरी नागरिकत्वाचा हा धागा तुटला नाही. पोर्तुगालचा नागरिकत्व कायदा वेळोवेळी बदलत असल्यामुळे नातवंडांच्या बाबतीत आज कोणती अट लागू आहे, हे अर्ज करण्याच्या दिवशी पणजीतील पोर्तुगालच्या वाणिज्य दूतावासातून किंवा लिस्बनच्या नोंदणी कार्यालयाच्या अधिकृत माहितीतून पाहावे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

कागदपत्रांचा क्रम असा असतो : प्रथम १९६१ पूर्वी जन्मलेल्या आई किंवा वडिलांच्या जन्माची लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात नोंद, नंतर त्यांच्या विवाहाची, आणि मग मुलाच्या जन्माची. जन्माचा साधा दाखला चालत नाही. मूळ नोंदवहीतील संपूर्ण मजकूर उतरवलेला ‘तेओर’ दाखला लागतो आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणीकरण, लागते.

आमच्या मराठी हिंदू कुटुंबांत दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला आडनावांचा. पोर्तुगीज लेखनिकाने ‘शेणवी’चे ‘सिनाय’, ‘प्रभू’चे ‘पोरोबो’, ‘कामत’चे ‘कामोतीं’ केलेले असते, आणि मुक्तीनंतरच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र वडिलांनी गावाच्या नावावरून ‘कर’ लावलेले आडनाव घेतलेले असते. एकाच माणसाची तीन आडनावे एकाच माणसाची आहेत, हे सिद्ध करण्यात वर्ष जाऊ शकते. दुसरा घोटाळा आईच्या नावाचा. आपल्याकडे लग्नात वधूचे पाळण्यातले नावच बदलण्याची रीत होती, त्यामुळे जन्मनोंदीतील मुलगी आणि विवाहनोंदीतील वधू या कागदावर दोन वेगळ्या स्त्रिया दिसतात. ही दुरुस्ती गोव्यातील कायदेशीर मार्गानेच करावी. जुन्या नोंदीवर खाडाखोड करून देणारी किंवा दुसऱ्याच कुटुंबाचा आजोबा ‘जोडून’ देणारी माणसे भेटतात. तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्याची झळ पुढच्या पिढीच्या नागरिकत्वालाही लागते.

लिस्बनला फक्त जन्मनोंद करून ठेवली, पासपोर्ट काढला नाही, तर भारतीय नागरिकत्व जाते का?

या पानावरील हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार जो भारतीय नागरिक स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व संपादन करतो, त्याचे भारतीय नागरिकत्व त्या क्षणी संपते. त्यासाठी कोणाचा आदेश लागत नाही. पोर्तुगालचा पासपोर्ट किंवा ओळखपत्र हाती आले असेल, तर याविषयी वाद उरत नाही. परंतु केवळ जन्मनोंद झाली म्हणजे नागरिकत्व ‘संपादन’ झाले का, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद झालेले आहेत, लोकप्रतिनिधींच्या उमेदवारीवरही त्या कारणाने आक्षेप घेतले गेले आहेत, आणि असा वाद उपस्थित झाल्यास कलम ९(२) नुसार त्याचा निर्णय केंद्र सरकारकडे जातो.

म्हणून ‘नुसती नोंद करून ठेवूया, पुढचे पुढे पाहू’ हा सल्ला शेजारी, नातेवाईक, दलाल असे सगळेच देत असले, तरी मी तो देणार नाही. आपण सरकारी नोकरीत असाल, पंचायतीवर निवडून आला असाल किंवा येणार असाल, तर त्या नोंदीपूर्वी नागरिकत्वाच्या कायद्याचे ज्ञान असलेल्या वकिलाचे लेखी मत घ्यावे. परदेशी नागरिकत्व घेतल्यानंतर मतदारयादीत नाव राहू देणे आणि मतदान करणे ही निव्वळ अनवधानाची बाब राहत नाही, खोट्या प्रतिज्ञेबद्दल शिक्षा होऊ शकते.

भारत दुहेरी नागरिकत्व देतो ना? ओसीआय कार्ड म्हणजे तेच नव्हे का?

नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. गोव्यात त्याची मागणी होत असते आणि २०२४ च्या लोकसभा प्रचारातही हा विषय बराच गाजला, तरी कायदा तोच आहे. ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड, या नावात ‘नागरिकत्व’ हा शब्द असल्यामुळे गैरसमज पसरतो. प्रत्यक्षात तो आजीव व्हिसा आहे. त्यावर आपण गोव्यात हवे तितके दिवस राहू शकता, घर विकत घेऊ शकता, बहुतेक खासगी नोकऱ्या करू शकता. मत देणे, निवडणूक लढवणे, सरकारी नोकरीत जाणे आणि शेतजमीन विकत घेणे हे त्यावर शक्य नाही. निवडणुकीच्या निकालामुळे जो जाऊ पाहतो, त्याने या यादीतील पहिले दोन शब्द पुन्हा वाचावेत.

ओसीआय मिळवतानाही पूर्वीचा भारतीय पासपोर्ट रीतसर जमा केल्याचा पुरावा लागतो. पासपोर्ट ‘जमा’ करणे आणि तो सरकारने ‘रद्द’ करणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात आणि त्या फरकावरून अनेक गोमंतकीयांचे ओसीआय अर्ज अडकले आहेत. याविषयीच्या सूचना गेल्या काही वर्षांत एकाहून अधिक वेळा बदलल्या, म्हणून परदेशी नागरिकत्व घेतल्यानंतर भारतीय पासपोर्टवर एकही प्रवास करू नये आणि तो विनाविलंब जमा करून पावती जपून ठेवावी.

पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला जाऊन नोकरी करता येते का?

आता तसे करता येत नाही. स्विंडन, साउथहॉल, लेस्टर येथे गोमंतकीयांच्या ज्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्या ब्रिटन युरोपीय संघात असताना. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी मुक्त संचाराची मुदत संपली. जे त्याआधी तेथे राहत होते त्यांना ३० जून २०२१ पर्यंत वास्तव्याच्या हक्कासाठी अर्ज करण्याची मुदत होती. आज पोर्तुगीज नागरिकालाही तेथे काम करण्यासाठी व्हिसा लागतो आणि नुसत्या भेटीसाठी जातानाही प्रवासपूर्व परवानगी घ्यावी लागते.

युरोपीय संघातील देशांत, म्हणजे आयर्लंड, जर्मनी, फ्रान्स किंवा स्वतः पोर्तुगालमध्ये, हा पासपोर्ट पूर्वीसारखाच चालतो. पोर्तुगालमध्ये तर आपण नागरिकच असतो; इतर देशांत पहिले तीन महिने कोणत्याही अटीविना राहता येते, त्यानंतर नोकरी, व्यवसाय किंवा स्वतःच्या निर्वाहाची सोय दाखवावी लागते आणि सलग पाच वर्षांनंतर कायम वास्तव्याचा हक्क मिळतो.

येथे एका गोष्टीची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. ब्रिटनने बाहेर पडावे की नाही यासाठी २३ जून २०१६ रोजी जे सार्वमत झाले, त्यात ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. स्विंडनच्या गोदामांत रात्रपाळी करणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टधारक गोमंतकीयांच्या भवितव्याचा तो निर्णय होता आणि त्यांना त्यात मत नव्हते. गोव्यातील मतदानाचा हक्क त्यांनी आधीच सोडलेला होता. आपल्या आयुष्यावर परिणाम करणारा निकाल आणि त्यात आपले मत नसणे, ही अवस्था त्यांनी भोगली आहे.

तेथील राजकारण तरी येथल्यापेक्षा बरे असेल ना?

काही बाबतींत असेल. तेथील नगरपालिका वेळेवर उत्तर देते, पोलीस ठाण्यात ओळखीचा माणूस लागत नाही, असे तेथे राहणारे सांगतात आणि ते खोटे नाही. परंतु निवडणुका तेथेही होतात. पोर्तुगालमध्ये मे २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध कडक भूमिका घेणारा शेगा हा पक्ष ६० जागा मिळवून संसदेतील दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला. येथे निकाल मनाविरुद्ध लागला तर आपण नाराज मतदार असतो. तेथे तो मनाविरुद्ध लागला, तर कागदावर नागरिक असूनही चेहऱ्यामुळे आपण त्या निकालाचा विषय असू शकतो.

पोर्तुगालचा आधार नसेल तर कोणत्या वाटा आहेत?

आखातातील देश नोकरी देतात, परंतु सर्वसाधारण कामगाराला नागरिकत्व देत नाहीत, म्हणून तेथे जाणारा माणूस भारतीयच राहतो. निकालावरील राग शमेपर्यंत दूर राहण्यासाठी ही वाट वाईट नाही. जहाजावर जाणाऱ्या तारवट्यांचेही तसेच. कॅनडा वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांचे गुण मोजून निवड करतो आणि नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष वास्तव्य मागतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेतील निकाल येत असताना कॅनडाच्या स्थलांतर विभागाचे संकेतस्थळ गर्दीने बंद पडले होते. त्या रात्री अर्जाचे पान उघडणाऱ्या अमेरिकनांनाही हेच निकष लागू होते.

माझा पक्ष हरला, विरोधकांचे राज्य आले. मला राजकीय आश्रय मिळेल का?

केवळ तेवढ्यावर मिळणार नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सकारण भीती सिद्ध करावी लागते. खोटा अर्ज नोंदीत कायम राहतो आणि पुढे खऱ्या व्हिसाच्या आड येतो. कुणाला खरोखरच धमक्या येत असतील, तर त्याने तक्रारीची प्रत, संदेश आणि वैद्यकीय कागद जपून ठेवावेत आणि वकिलाला भेटावे.

घर आणि जमीन यांचे काय करावे?

गोव्यात हा प्रश्न इतर राज्यांपेक्षा गुंतागुंतीचा आहे. पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि विक्रीला दोघांच्याही सह्या लागतात. आजोबांच्या पश्चात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधील वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया, झालेली नसेल, तर दहा-वीस वारसांची नावे त्या एका घराशी जोडलेली असतात आणि त्यांतील प्रत्येक जण परदेशी गेला की एकेक सही दूर जाते. म्हणून इन्व्हेंटरीचे काम निघण्यापूर्वी पूर्ण करावे, निदान दाखल तरी करावे.

बंद घर ही गोव्यातील दुखरी जागा आहे. जमिनी हडप करण्याच्या प्रकरणांसाठी जून २०२२ मध्ये पोलिसांचे विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही नेमला गेला. बनावट दस्तऐवजांनी लुबाडल्या गेलेल्या मालमत्तांत मालक परदेशी असलेल्या अनेक होत्या. फॉर्म एक-चौदा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा, दर सहा महिन्यांनी काढून पाहावा, घरपट्टी आणि विजेचे बिल स्वतःच्या नावावर भरत राहावे, आणि मुखत्यारपत्र द्यायचेच असेल तर ते विशिष्ट कामापुरते द्यावे. विक्रीचे सर्वाधिकार देणारे मुखत्यारपत्र सख्ख्या भावालाही देऊ नये, असे मी म्हणतो तेव्हा लोकांना वाईट वाटते. तरीही मी ते म्हणत राहणार.

शेतजमीन वारसाने मिळाली असेल तर अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआयधारकाला ती ठेवता येते, नव्याने विकत घेता येत नाही. नोकरीसाठी बाहेर गेल्यावर बँकेतील साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात.

मुलांच्या आणि आईवडिलांच्या दृष्टीने काय पाहावे?

गोव्यातील सरकारी नोकरीसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा मामलेदारांचा दाखला लागतो. मूल सातव्या वर्षी बाहेर गेले आणि विसाव्या वर्षी परतले, तर हे वास्तव्य तुटलेले असते आणि घर, कुलदैवत, आडनाव सारे येथलेच असूनही कागदावर ते गोव्याचे उरत नाही. आईवडिलांपैकी कुणी रीतसर घोषणा करून नागरिकत्व सोडले, तर अज्ञान मुलाचेही नागरिकत्व जाते. सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत त्याने घोषणा केल्यास ते त्याला परत मिळू शकते. ही एका वर्षाची मुदत मुलांना कुणी सांगत नाही, ती लिहून ठेवावी.

आईवडिलांबद्दल नियम नाहीत, म्हणून अधिक लिहिणे भाग आहे. मुलगा निकालावर रागावून गेलेला असतो आणि पासष्टीची आई वाड्यावर एकटी असते, अशी घरे मी पाहिली आहेत. चतुर्थीला माटोळी बांधायला शेजारचा मुलगा येतो, बांबोळीच्या इस्पितळात न्यायला पंचायतीचा सदस्य गाडी देतो, आणि हा सदस्य कित्येकदा त्याच पक्षाचा असतो ज्याच्या विजयामुळे मुलाने घर सोडलेले असते. यातून कुणाला दोष द्यायचा नाही. परंतु जाण्याची बैठक घरात होते तेव्हा आईला ‘तू काय म्हणतेस?’ असे विचारले जाते, आणि ती ‘तुमचे बरे होऊ दे’ एवढेच म्हणते. ते उत्तर संमती समजू नये. तिला पुन्हा, एकटीला, वेळ देऊन विचारावे.

परदेशातून मत देता येते का?

भारतीय पासपोर्ट कायम असेल तर येते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २०अ नुसार फॉर्म ६अ भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येते, मात्र मत देण्यासाठी मूळ पासपोर्ट घेऊन आपल्या मतदान केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहावे लागते. टपालाने किंवा वकिलातीत मत देण्याची सोय या मतदारांना नाही.

मग आपला सल्ला काय? जावे की राहावे?

जायचे असेल तर प्रथम भारतीय पासपोर्टवर, शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या व्हिसावर जावे आणि तेथे निदान एक हिवाळा काढावा. त्या काळात मतदारयादीतील नाव, घराची किल्ली आणि नागरिकत्व या तिन्ही गोष्टी तशाच राहू द्याव्यात. त्यानंतरही तेथेच राहावेसे वाटले, तर तो निर्णय निकालाच्या आठवड्यातला राहत नाही, पूर्ण विचाराने घेतलेला असतो. त्यासाठी नागरिकत्व सोडणाऱ्याला मी आनंदाने कागदपत्रे जुळवून देतो आणि त्याच्या देशप्रेमाविषयी कुणी शंका घेतली तर ती मला सहन होत नाही.

नागरिकत्व सोडल्यावर परत यावेसे वाटले, तर?

ओसीआयवर परतून राहता येईल. पुन्हा भारतीय नागरिक होण्यासाठी नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(ग) नुसार ओसीआय नोंदणीला पाच वर्षे झालेली असावी लागतात, अर्जापूर्वीचे बारा महिने भारतात वास्तव्य असावे लागते आणि दुसरे नागरिकत्व सोडावे लागते. अर्ज मंजूर करणे सरकारच्या अधिकारात आहे. तो मंजूर झाल्यावर मतदार म्हणून नाव नव्याने नोंदवण्यासाठी फॉर्म ६ भरावा; १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता तारखा सज्ञान झालेल्या नवमतदारांसाठी असतात, परतलेल्या प्रौढ नागरिकाला त्यांची वाट पाहावी लागत नाही आणि तो वर्षभरात केव्हाही अर्ज करू शकतो. गावातील मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी येऊन पडताळणी करतो, तेव्हा वास्तव्याचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती हाताशी ठेवावी.